बसून करायचं काम

“हजर शे सर. मी हजर शे. आठेच उभा शे ना मी, तुम्हनासमोर.”

लोटन नाना ओरडत होते. ज्या आवाजानं त्यांनी आयुष्यभर चोपडा डेपोच्या गाड्या सोडल्या, जो आवाज ऐकून अमळनेरच्या स्टँडवर झोपलेली माणसं भलत्याच गाडीत चढून भलत्याच गावाला पोचली आणि तिथंच संसार थाटून बसली, तो हा आवाज. माझी पिठाची गिरणी त्यांच्या घराच्या समोर. गिरणी चालू असली की मला बायकोनं मारलेली हाक ऐकू येत नाही, आणि एवढ्या एका गोष्टीसाठी मी त्या गिरणीची दर दसऱ्याला मनोभावे पूजा करतो. पण नानांचा आवाज जात्याच्या घरघरीतून आरपार आला. मी पट्टा उतरवला आणि धावलो.

अंगणात कडुनिंबाखाली मधमाश्यांची पेटी उघडी पडली होती. नानांच्या डोक्यावर जाळीचा टोप, काकूंनी, म्हणजे त्यांच्या बायकोनं, जुन्या मच्छरदाणीतून शिवलेला. एका हातात माश्यांनी गजबजलेली फ्रेम, दुसऱ्या हातात फोन. फोनच्या आत धुळ्याचे सर होते, देवपूरच्या अभ्यासकेंद्रातले. मधमाशीपालनाच्या घरबसल्या करायच्या प्रमाणपत्राची प्रात्यक्षिक परीक्षा चालू होती. सर थिजलेले होते, तोंड अर्धं उघडं, एक बोट वर. आमच्या गावात नेटवर्क असंच येतं, तालुक्याच्या पुढाऱ्यासारखं. येतं, एकदा तोंड दाखवतं आणि निघून जातं. नंतर कळलं, सरांना त्यांच्या बाजूला नानांची एक नाकपुडी तेवढी दिसत होती, तीही बराच वेळ.

नाना ओरडत राहिले. नेटवर्क आलं ते निरोप घेऊनच आलं: विद्यार्थी गैरहजर.

नानांनी तो वाचला. फ्रेम जपून पेटीत ठेवली, झाकण लावलं आणि टोप काढून खांबाला टेकून उभे राहिले. “अख्खी नोकरी गयी भो,” ते मला म्हणाले, “कोनी माले हाऊ शबद लावा नही.”

माणूस चोपड्याच्या पुढचा, सातपुड्याच्या पायथ्याचा, एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेला. तो या वयात माश्यांच्या नादाला कशाला लागला, असं गावात सगळेच विचारायचे. उत्तर त्यांच्या गुडघ्यांत होतं. नाना जन्मभर उभे राहिले होते. गाडीत जागा रिकामी असली तरी उभे, जेवताना उभे, आणि काकू सांगायच्या की लग्नातसुद्धा भटजींनी दोनदा बसा म्हटलं तेव्हा कुठं टेकले. निवृत्तीनंतर पेन्शन आली ती इतकी लाजरी की ती येऊन गेल्याचं कळायचंही नाही. मग नाना चोपड्याच्या एका मंगल कार्यालयाच्या फाटकावर लागले. तिथंही उभंच राहायचं. रात्री घरी आले की काकू एरंडेल गरम करून गुडघ्यांना लावायच्या. मी कधी चौकशी केली तर नाना म्हणायचे, “माले आते बसीसन करानं काम जोयजे.” बस्स, एवढंच मागणं. बसून करायचं काम.

त्यांची एक सवय होती. कोण कुठूनही येवो, सासुरवाडीहून, कोर्टातून, दवाखान्यातून, नानांचा पहिला प्रश्न एकच: “बसाले भेटनं का?” माझा चुलता वारला तेव्हा मी सुरतेहून रडत आलो, नाना दारात उभे. गळ्यात हात टाकला, डोळे पुसले आणि विचारलं, बसाले भेटनं का. मी रडता रडता सांगितलं की नंदुरबारपासून भेटनं. त्यांना तेवढंच बरं वाटलं.

तर झालं असं, की आमच्याकडचे कांद्याचं बी पिकवणारे शेतकरी एकत्र आले. कांद्याचे पांढरे गोंडे फुलतात तेव्हा माश्या फिरल्या नाहीत तर बी धरत नाही. दरवर्षी बाहेरचा कोणी ठेकेदार टेम्पोतून पेट्या आणायचा, फुलोरा संपण्याआधीच उचलून न्यायचा. गटाच्या अध्यक्षांनी नानांना सांगितलं की गावचाच माणूस हवा. प्रमाणपत्र आणा, स्वतः सांभाळलेली एक जिवंत पेटी दाखवा, म्हणजे बाकीच्या पेट्या गट देईल. “तुम्ही काय, बांधावर खुर्ची टाकायची न माश्यांवर लक्ष ठेवायचं.” अध्यक्ष सहज बोलून गेले. पण ती खुर्ची नानांच्या डोक्यात जाऊन बसली. तिला हात असावेत की नसावेत, यावर त्यांनी माझ्याशी चर्चा केलेली आहे.

नाव नोंदवलं जळगावच्या केंद्रात. तिथं विद्यार्थी फार थोडे म्हणून अभ्यासक्रम बंद झाला आणि सगळ्यांना धुळ्याला ढकललं. पुस्तकं पोस्टानं यायची, तीही उलटी. आधी मध काढणे, मग माशीचे रोग, आणि सगळ्यात शेवटी मधमाशी म्हणजे काय. नानांनी सगळी तोंडपाठ केली. कशी, ते ऐका. बसून वाचलं की त्यांना झोप लागायची. म्हणून ते दाराच्या चौकटीला एका हातानं धरून, पाय फाकवून, थोडे डुलत वाचायचे. तरी लक्षात राहीना. शेवटी त्यांना उमगलं की डोकं चालायला खाली गाडी चालावी लागते. मग निवृत्तांचा पास घेऊन ते रोज एखाद्या गाडीत चढायचे, आणि ड्रायव्हरच्या मागच्या दांड्याला टेकून पुस्तक उघडायचे. माशीचं पोट त्यांनी अडावदच्या रस्त्यावर पाठ केलं. सहा पाय आणि चार पंख यावलपर्यंत. राणीचं आयुष्य फैजपूरला जाऊन येताना. त्या रस्त्यावरचे नेहमीचे प्रवासी आजही मधमाशीवर एखादा तास व्याख्यान देऊ शकतील, इच्छा नसली तरी.

सगळं ते आपल्या भाषेत लावून घ्यायचे. कामकरी माश्या म्हणजे चालक-वाहक. नर म्हणजे तपासणी पथक. येतात, खातात, कोणाला डंखसुद्धा मारता येत नाही. राणी म्हणजे डेपो मॅनेजर, बाहेर कधी दिसत नाही पण ती नाही म्हटल्यावर एकही गाडी वेळेवर सुटत नाही. लेखी परीक्षेत त्यांनी यातलं काही लिहिलं नाही असं ते म्हणतात. पण पास झाले खरे, आणि पेपर तपासणाऱ्याला पगार मिळाल्याचा आनंद झाला असावा इतके बरे मार्क पडले.

उरलं प्रात्यक्षिक.

पहिल्या वेळी बोलावणं देवपूरला आलं. विद्यार्थ्यांनी प्रत्यक्ष येऊन पेटी हाताळून दाखवायची. केंद्रात पेटी होती, माश्या नव्हत्या. आपापल्या आणल्यास उत्तम, असं कळवलं होतं. नानांनी पहाटे, माश्या सगळ्या आत असताना, पेटीचं दार जाळीनं बंद केलं आणि पेटी चोपडा–धुळे गाडीत ठेवली. पुढची हकीकत मी गाडीत नव्हतो तरी मी सांगतो तीच खरी धरा, कारण जे गाडीत होते ते अजून त्याबद्दल शांतपणे बोलू शकत नाहीत.

अमळनेरला एक म्हातारेबुवा चढले. गाडी खच्चून भरलेली. दुसरा कोणी असता तर खिडकीबाहेर बघितलं असतं. पण म्हातारं माणूस उभं आहे, हे नानांना बघवेना. त्यांनी म्हाताऱ्यांना हाताला धरून आणलं आणि पेटीवर बसवलं. म्हातारेबुवा अंगानं भरलेले. एका खड्ड्यात गाडी उतरली, पेटी करकरली, जाळी सरकली. म्हाताऱ्यांना आधी कळलं. मग त्यांच्या आवाजानं सगळ्या गाडीला कळलं. असं सांगतात की त्या दिवशी एसटी रिकामी व्हायचा जिल्ह्यातला विक्रम मोडला. ड्रायव्हरसाहेब तर गाडी थांबायच्या आधीच शेतात होते. गाडीत राहिले एकटे नाना. त्यांनी फटीत धोतराचा सोगा कोंबला, पेटीवर दोन टिचक्या मारल्या आणि दारातून बाहेर वाकून सांगितलं, चला, बसा, जागा झाली.

म्हाताऱ्यांना दोन-तीन डंख बसले होते. नानांनी त्यांची इतकी माफी मागितली की शेवटी म्हातारेच ओशाळले आणि म्हणाले की पाठीचा वात गेल्यासारखा वाटतो.

देवपूरला पोचेपर्यंत वेळ निघून गेली होती. सर चांगले होते, थकलेले होते. सकाळी वनस्पतिशास्त्र, दुपारी निवडणुकीच्या याद्यांचं काम, आणि मधमाशी ही त्यांच्या अंगावर पडलेली तिसरी ड्युटी. त्यांनी वरिष्ठांना विचारलं. वरिष्ठांनी पेटीचा आवाज ऐकला आणि लांबूनच निर्णय दिला की जिवंत पेटी इमारतीत नको. इथून पुढे विद्यार्थ्यांनी घरूनच व्हिडिओवर दाखवावं. नाना पेटी घेऊन परत आले. उभेच, कारण परतीच्या गाडीत त्यांनी जागा पेटीला दिली होती.

दुसरी वेळ ती नाकपुडीची. ती मी वर सांगितलीच.

आता राहिली शेवटची. नोंदणीची मुदत संपत होती आणि यानंतर सगळं पहिल्यापासून भरावं लागलं असतं. इकडे शिवारात गोंडे पांढरे दिसायला लागले होते. अध्यक्ष दोनदा विचारून गेले. ठेकेदाराचा त्यांना फोन येत होता, तेही त्यांनी लपवलं नाही. काकूंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, “भाऊ, यावख्ती व्हई जावू द्या. यास्ना पाय आते फाटकवर उभं ऱ्हावाना नहीत.” एरवी काकू माश्यांच्या नावानं बोटं मोडायच्या. जन्मभर याले मानसे चावनात, आते माश्या, असं त्यांचं म्हणणं असायचं.

नेटवर्कचा बंदोबस्त नानांनी करून ठेवला होता. आमच्या गावात पक्कं नेटवर्क एकाच ठिकाणी मिळतं, गावामागच्या म्हसोबाच्या टेकडीवर. अख्खं गाव तिथं चढून बोलतं. लग्नं तिथं ठरतात, भांडणं तिथं होतात, म्हसोबाला गावातल्या सगळ्यांची सगळी गुपितं माहीत आहेत. नाना म्हणाले, पेटीच टेकडीवर नेऊ. मी जरा चाचरलो. त्यांनी माझ्याकडे कंडक्टरच्या नजरेनं बघितलं. “धुळे जाईसन उन्ही ना पेटी? काय व्हयनं? आनि हाई टेकडी, आठूनआठे.”

मला पटलं. कोणाला पटलं नसतं? धुळ्याला जाऊन आलेल्या माशीला टेकडीची काय मातब्बरी.

सरांनी वेळ दिली होती अकराची. माझ्या गिरणीची पोती वाहायची हातगाडी होती, तिच्यावर पेटी चढवली. माश्या कधीच्याच कामाला बाहेर पडलेल्या होत्या, आत होत्या त्यांच्यासकट नानांनी दार बंद केलं. मी ढकलत होतो, नाना एका हातानं पेटी धरून दुसऱ्या हातानं मला वळणं सांगत होते, डावीकडे घ्या, दगड आहे, येऊ द्या, येऊ द्या. वर पोचलो तेव्हा माझा जीव गळ्यात आणि पिठाचा घाम टाचेत. नानांनी दार उघडून दिलं आणि टोप चढवला.

सर दिसले, अगदी स्वच्छ. त्यांच्या मागच्या भिंतीवरची पाल दिसत होती. पण नानांच्या आधी दोघं होते. मग तिघं झाले. ऊन चढलं. टेकडीवर झाड नाही, म्हसोबाला पत्र्याचं छप्पर आहे तेवढंच. नानांनी आपली छत्री उघडून पेटीवर धरली आणि स्वतः उन्हात उभे राहिले. मी म्हटलं, नाना, टेका जरा दगडावर. तर म्हणाले, बोलावलं आणि मी बसलेलो दिसलो तर सर काय समजतील.

शेवटी नंबर आला. आणि काय सांगू, आयुष्यात मी बरेच तमाशे आणि दोन सर्कशी पाहिल्या, पण तसं काम पाहिलं नाही. झाकणावर दोन टिचक्या. धुराचा एक हलका झोत. फ्रेम अशी उचलली की तीवरच्या माशीला आपण उचललो गेलो हे कळलंही नसेल. राणी पहिल्याच फ्रेमवर दाखवली. सर म्हणाले, वा. नर दाखवा, दाखवले. अंडी दाखवा, दाखवली. सर म्हणाले, माश्या थोड्या कमी वाटतात. नाना म्हणाले, ड्युटीवर गेल्यात सर. सर हसले. मग म्हणाले, थांबा हं नाना, बाहेरचे परीक्षक जोडले जातायत.

ते जोडले जाईपर्यंत दुपार कलली. मग सगळं पुन्हा. पेटी पुन्हा उघडली, पुन्हा धूर, पुन्हा राणी. परीक्षकांनी दोन प्रश्न विचारले आणि तिथल्या तिथे सांगितलं, उत्तीर्ण. सरांनी टाळ्या वाजवल्या. एकट्या माणसानं फोनमध्ये वाजवलेल्या टाळ्या, पण म्हसोबाच्या पत्र्यावर त्या घुमल्या.

नाना सकाळपासून टेकले नव्हते. मी म्हटलं, आधी चहा घेऊ, ऊन उतरलं की पेटी नेऊ. ते छत्री पेटीवर बांधून आले. बसथांब्यावरच्या टपरीत मी सगळ्यांना सांगितलं की नानांना परीक्षकांनी धुळ्याला प्रोफेसर म्हणून बोलावलंय, आणि निम्म्यांनी विश्वास ठेवला. अध्यक्षांना फोन केला. ते म्हणाले, सोमवारी येतो, पेटी बघतो, खुर्चीचं बघू. टपरीवाल्यानं स्वतःचं स्टूल पुढं केलं आणि लोटन नाना त्यावर बसले. चांगले ऐसपैस बसले. बशीतला चहा दोन्ही हातांनी धरून सावकाश प्यायले. एक गाडी आली, गेली, त्यांनी मान वळवून पाहिलंसुद्धा नाही.

उतरत्या उन्हाला आम्ही टेकडीवर गेलो. मी पेटी उचलायला वाकलो आणि तिच्या हलकेपणानं मागे धडपडलो. नानांनी झाकण काढलं. मेणाची पोळी होती, तळाशी थोडा मध, चार-सहा माश्या आंधळ्यासारख्या फिरत होत्या. राणी नव्हती. सातेरी म्हणजे आपली गावठी माशी, मानी जात. ऊन, धूर, दोन दोन वेळा उघडझाक. आत उरलेल्या सगळ्या राणीला घेऊन उठून गेल्या होत्या. कुठं गेल्या ते म्हसोबाला माहीत. नानांनी सगळ्या फ्रेम एकेक करून पाहिल्या, मग पुन्हा पाहिल्या. येताना हातगाडी हलकी होती, तरी ते धरून चालत होते.

अंगणात काकू दारातच उभ्या होत्या, पदर नाकाला. कडुनिंबाखाली पेटीची रिकामी घोडी होती, आणि तिच्या फळीवर नारळाएवढा माश्यांचा घोस लटकत होता. सकाळी कामाला गेलेल्या. त्या कांद्याच्या गोंड्यांवरून पिवळ्या पायांनी परत आल्या होत्या, जिथून निघाल्या तिथंच. अजूनही एकेक येत होती, रिकाम्या फळीवर उतरत होती आणि दार शोधत फिरत होती.

नानांनी पेटी परत घोडीवर ठेवली. माश्या लगेच आत जायला लागल्या, रांगेनं. ते बघून मला आशा वाटली आणि मी म्हटलं, बघा, आल्या ना सगळ्या. नानांनी मान हलवली. डेपो मॅनेजर नाही. अंडी उन्हानं गेलेली, नवी राणी करायची कशातून? या आहेत त्या झिजत जातील आणि संपतील. हे त्यांनी मला सांगितलं नाही, पुस्तकात आहे तसं म्हणून दाखवलं, एका हातानं कडुनिंबाची फांदी धरून. सोमवारी अध्यक्ष येणार होते.

नाना आता गावात नाहीत. मुलाकडे नाशिकला असतात, वरच्या मजल्यावर. भेट होत नाही. मला ते आठवतात ते त्या संध्याकाळचे: टोप काखेत, छत्री हातात, आत जाणाऱ्या प्रत्येक माशीला जागा करून दिल्यासारखे पेटीपासून जरा बाजूला झालेले. काकूंनी खाट आणून टाकली होती. ते तिच्यावर बसले नाहीत.

अंधार पडायच्या आत त्यांनी माझ्या गिरणीच्या ओट्यावर येऊन सरांना फोन लावला. तिथं निदान आवाज तरी जातो. त्या दिवशी ते ओरडले नाहीत. सगळं क्रमानं सांगितलं, शुद्ध भाषेत सांगायचा प्रयत्न केला. मग म्हणाले, “सर, मी बठ्ठी पुस्तकं पाठ केली. पेटी जराशी हलवली तर माशी जुन्या जागेवर परत जाते, हे कुठं लिहिलेलं होतं? माझं कोणतं पान सुटलं?”

पलीकडे सरांच्या घरात कुकरची शिट्टी झाली. ती संपेपर्यंत सर थांबले.

“नाही नाना, तुमचं काही सुटलं नाही,” सर म्हणाले. “तो भाग डिप्लोमाला आहे.”